धीर धरण्याचं पान

माझा मणका सरकला तो दुधाचा कॅन उचलताना. मी आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव. सचिवाने दुधाची फॅट लावून बघायची, नोंद करायची, सह्या करायच्या. कॅन उचलणं काही तिच्या कामात येत नाही. पण गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, कॅन उचलणारा गडी जनावरं घेऊन चारा छावणीत गेला होता आणि माझ्यात धीर जन्मापासूनच कमी. आई म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ही. उचलला आणि तिथंच बसले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी पाठीवर सरळ निजायला सांगितलं. कधीपर्यंत, असं विचारलं तर म्हणाले, घाई करू नका.

घाई करू नका म्हणे. ते वर्ष दुष्काळाचं होतं. गायी छावणीत गेलेल्या, गावात उरलेल्या म्हशी उसाच्या वाळल्या वाढ्यावर जगत होत्या आणि दूध रोज थोडं थोडं आटत होतं. दूध संघाची गाडी युसूफ वडगावच्या रस्त्याने यायची आणि आमच्यासाठी फाट्यावरून मुद्दाम आत वळायची. संघाचा नियम असा की गावाचा कॅन गळ्यापर्यंत भरत असेल तोवरच गाडी आत येणार. एकदा बंद झालेली गाडी परत सुरू होत नाही, हे आम्ही शेजारच्या गावात पाहिलं होतं. आणि गाडी गेली की संस्था गेली. आमच्याकडं शेत पुरुषाच्या नावावर, घर पुरुषाच्या नावावर, कारखान्याचा शेअरसुद्धा पुरुषाच्याच नावावर. दुधाचं बिल तेवढं बाईच्या हातात पडायचं. ते मी मोठी भांडणं करून पाडलं होतं, आणि आता मी आढ्याकडं बघत पडले होते.

मुलगी पुण्यात नोकरीला. तिने माझा स्वभाव ओळखून टॅरोच्या पानांचा एक जोड पाठवला, सोबत इंग्रजी पुस्तिका. फोनवर समजावलं की हे भविष्य नाही. रोज सकाळी एक पान काढायचं, चित्र नीट बघायचं आणि आपल्याला आज कशाची घाई झालीय ते स्वतःला विचारायचं. मी म्हटलं, मला कशाची घाई झालीय ते अख्ख्या केज तालुक्याला माहीत आहे, त्याला पान कशाला? पण पडून पडून माणूस काहीही करतं. मी पान काढलं. चित्रात एक शिपाई छातीवर हात जोडून उताणा निजलेला आणि त्याच्या अंगावर तीन तलवारी टांगलेल्या. अर्थ, विश्रांती. मी पानं पिसून परत ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा तोच बाबा. डोक्यावर तलवारी लटकत असताना झोप म्हणायला या लोकांचं काय जातं, असं मी मुलीला विचारलं. ती हसली. मला अजिबात हसू येत नव्हतं.

मी रोज त्या पानांशी भांडायचे. एकात कंदील धरलेला म्हातारा, एकात पायाला दोरी बांधून उलटा लटकलेला आणि तरी चेहऱ्यावर समाधान असलेला माणूस. पुस्तिका प्रत्येकाबद्दल एकच सांगायची, की थांब, फळ येईल. कुठलं फळ? बाहेर बोरीला पाला उरला नव्हता.

दुपारी टँकरचं पाणी भरून झालं की गल्लीतल्या बाया माझ्यापाशी येऊन बसायच्या. त्यात पुढं असायची अक्का. माझ्याहून वयाने मोठी, संस्थेत पहिली सभासद झालेली, दोन म्हशींची मालकीण. निजलेल्या शिपायाचं पान बघून तिने विचारलं की हे मयत आहे का. मी म्हटलं, नाही, आराम करतोय. त्यावर सगळ्या जणी हसल्या. आपल्याला जितेपणी कोण असं निजू देतं, असं कुणीतरी म्हणालं.

मग अक्काने गाडीचं विचारलं. गाडी राहील का जाईल, पानाला विचारा. मी तिला नीट सांगितलं की यातून पुढचं काही कळत नाही, ही नुसती विचार करायची पानं आहेत. तिने ऐकून घेतलं, उठून रांजणातलं ओंजळभर पाणी घेऊन हात धुतले, त्या दिवसांत ओंजळभर पाण्याला किती किंमत होती ते मला माहीत होतं, आणि पानांना हात जोडून स्वतःच एक पान ओढलं. चित्रात कुदळीवर हनुवटी टेकवून उभा असलेला शेतकरी, समोर हिरवं झुडूप, त्याला फळांच्या जागी नाणी लगडलेली. झाडाला रुपये लागलेत म्हणून एकीने चेष्टा केली. मी पुस्तिकेतला अर्थ मराठीत वाचला. कष्ट झालेत, आता धीर धरा, हातचं सोडू नका. बाया चेष्टा सोडून उठून गेल्या. उन्हाने थकल्या असतील असं मला वाटलं.

आमच्याकडं देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली की होकार. गल्लीने मिळून लावलेला कौल मोडायचा नाही, मोडला तर सगळ्या गल्लीवर येतं. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. इंग्रजी पुस्तिका हातात असताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर रोज दूध जमा करायच्या केंद्रावरून सांगावा यायचा की कॅन गळ्यापर्यंत भरला. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर चिडचिड झाली. मी कंबर मोडून जे सांभाळत होते ते माझ्यावाचून मजेत चाललं होतं. मग हळूहळू मीही नमले. मुलीला फोनवर म्हणालेसुद्धा की तुझी पानं काही अगदीच खोटं बोलत नाहीत. त्या दिवसांत मी खरंच निवांत झोपले.

पट्टा बांधून चालायला लागले तेव्हा पहिली अक्काकडं गेले. तिने चहा दिला तो कोरा. आमच्या भागात कोरा चहा मयताच्या घरी देतात. मी कप खाली ठेवला आणि कोण गेलं ते विचारलं.

"कुनी न्हाई गेलं, बाई," ती म्हणाली. "दूद केंद्रावर जातंय. तुमच्या पानानं धीर धरा म्हनलं न्हवं का? मंग धरलाय समद्या गल्लीनं."

ओसरीवर तिची सून अंगावरचं दूध नुकतंच तुटलेल्या लेकराला ज्वारीच्या पिठाची पातळ पेज भरवत होती. इतर घरांतही तेच. थेंबभर दूध कुणी घरात ठेवत नव्हतं. एवढे दिवस मी ज्या भरल्या कॅनच्या जोरावर आराम केला, तो असा भरत होता. मी तिथंच अक्कावर ओरडले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्राच्या दारात उभी राहिले आणि प्रत्येकीला आधी घरचं काढून ठेवायला लावलं, मगच माप घेतलं. दोघी-तिघी कुरकुरल्या, मी ऐकलं नाही. कॅन निम्म्यावर राहिला. गाडीवाल्याने झाकण उघडून बघितलं आणि निघून गेला. थोड्या दिवसांनी त्याने निरोप दिला की यापुढं दूध फाट्यावर आणा. फाटा लांब, ऊन तसलं. काही जणींनी नेऊन बघितलं, मग तेही थांबलं. मी केंद्राला कुलूप घातलं.

त्या संध्याकाळी अक्का आली. मी तिला म्हणाले, लेकरांच्या तोंडचं काढून चालवलेली संस्था मला नको होती. अजूनही मला तसंच वाटतं. ती उंबऱ्यात बसली होती. गुडघ्यावर हात टेकवून उठता उठता म्हणाली,

"लेकरं पेजेवर जगली अस्ती, बाई. आमी बी तशीच वाढलो. पाऊस पडला अस्ता, दूद आलं अस्तं, गाडी दारात ऱ्हायली अस्ती. आमी धीर धरला व्हता. तुमाला न्हाई धरवला."