ताईच्या अध्यायातली शेवटची ओवी

हे लिहावं की नाही यातच बरीच वर्षं गेली. मी वायरमन माणूस. करंट दिसत नाही, पण टेस्टर लावला की कळतो... ज्याला टेस्टर लावता येत नाही असं काही मी कधी मानलं नाही. भूतखेत आणि साक्षात्कार, दोन्ही मला सारखेच.

१९९८ चा पावसाळा. माझी ताई सिंदेवाहीजवळच्या खेड्यात दिलेली. रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू असताना ती ताप येऊन धानाच्या बांधीतच पडली. मेंदूचा मलेरिया. चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ती पूर्ण बेशुद्ध होती.

ताई रोज पोथीतला एकच अध्याय वाचायची — झोपलेल्या जिवाला आतून जागं कसं करावं, त्याचा. मी थट्टा केली की म्हणायची, "हे डोळे उघडाची जाग नाई रे. आतली आहे. तुले नाई समजाची."

भाऊजींनी ती पोथी दवाखान्यात आणली. "मले वाचता येत नाई. तू वाच. तिले ऐकू जाते."

"भाऊजी, ती बेशुद्ध आहे."

"तरी वाच नं."

मग रोज दुपारी मी खाटेशेजारी बसून तो अध्याय वाचायचो. फक्त शेवटची ओवी सोडायचो. जागा झालेला जीव मग देहाच्या घरात थांबत नाही, असा काहीसा तिचा अर्थ होता. ताईकडे बघून ते तोंडातून निघेना. ही गोष्ट मी कोणालाच बोललो नव्हतो, भाऊजींनाही नाही.

शेजारच्या खाटेवर सिरोंचाकडची एक बाई होती, तीही त्याच तापाने बेशुद्ध. तिला तेलुगूशिवाय काही येत नाही, असं तिचा नवराच सांगायचा. तो स्वतः मोडकं हिंदी बोलायचा.

एका दुपारी माझं वाचून झालं, मी पोथी मिटली... आणि त्या बाईने डोळे उघडले. नवरा रडायलाच लागला. ती दोन घोट पाणी प्याली आणि ताईकडे बोट करून त्याला हळूहळू काही सांगू लागली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"क्या बोलती?" मी विचारलं.

"भैया... बोलती, ये बहन उधर मेरे पास बैठी थी. बोली, मेरा भाई आखरी वाला रोज छोड देता. उसको बोलो, पढ दे."

भाऊजी माझ्याकडे बघत होते. "खरंच सोडतं का तू?"

मी हो म्हटलं. त्या ओवीचा अर्थही सांगितला.

ते बराच वेळ ताईचे पाय चोळत बसले. मग म्हणाले, "तिनं सांगतलं नं. वाच मंग."

मी वाचली. शेवटच्या शब्दापर्यंत. ताई हलली नाही, डोळे उघडले नाहीत. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ती गेली.

डॉक्टर म्हणाले, किडन्या आधीच गेल्या होत्या, हे होणारच होतं. असेलही. पण मराठीचा गंध नसलेल्या, शुद्ध हरपलेल्या त्या बाईला मी ओवी सोडतो हे कसं कळलं... मी सगळे तर्क लावून पाहिले, एकही टिकत नाही.

भाऊजी आता थकलेत. गेलो की एकदा तरी विचारतात, "तू वाचलं नसतं तं राह्यली असती का रे ते?"

मी त्यांचे पाय चोळत बसतो. दुसरं काय करू?