काट्याला टोचलेले बटाट्याचे गोळे

बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी बाभळीचे काटे खाऊ घातले.

परवा जालन्यात एका पार्टीत वाढप्यानं काडी टोचलेले पनीरचे तुकडे पुढं केले आणि पस्तीस वर्षांपूर्वीचं टेंभुर्णीचं आमचं अंगण आठवलं. औरंगाबादेत दोन वर्षं कॉलेजात काढून मी दीडशहाणा होऊन आल्तो. पाहुण्यांसाठी काकू भजी तळणार म्हटल्यावर मी नाक मुरडलं. गावंढळ, तेलकट कारभार! मी बटाट्याचे सुपारीएवढे गोळे तळले, प्रत्येकावर काकडीची चकती ठेवली. शहरात त्यात काडी खोचतात. तसल्या काड्या गावात कुठल्या? मग बांधावरच्या बाभळीचे लांब पांढरे काटे तोडले, धुतले अन् खोचले. दिसायला काय झोकदार!

मुलाच्या मामांनी गोळा काट्यासकट तोंडात टाकला. काटा हिरडीत घुसला. माझी बहीण कुसुम हातातल्या कपबशा खाली ठेवून दाराआडून डोकावली. तिला मुलगा आवडला होता, आणि सोयरीक माझ्या काट्यावर अडकली होती.

वडील माझ्याकडं बघून म्हणाले, "आमची जिंदगी वावरातले काटे वेचण्यात गेली, अन् तू ते पाव्हण्याच्या तोंडात घालून राह्यला?"

काकूनं तरीही तळून ठेवलेल्या भज्यांची परात पुढं सरकवली. मामांनी एक गाल धरून दुसऱ्या गालानं पाच-सहा भजी खाल्ली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फक्त लग्नात ह्या शहाण्याला चुलीपासून लांब बांधून ठेवा."