कप्तानाचा पहिला घोट

अबुधाबीच्या धक्क्यावर शर्यती गाजवलेलं एक जुनं गलबत मांडून ठेवलंय. तिथे वेलचीच्या कॉफीचा वास आला आणि अब्बा आठवले.

ते याच गलबतावर खलाशी होते. लहानपणी एकदा मी त्यांच्यासोबत असताना, शर्यतीआधी समोरच्या गलबताचा कप्तान कॉफी घेऊन आला. आधी स्वतःच्या कपातून प्यायला, मग अब्बांना दुसरा कप दिला.

"पिऊन दाखवतोय, म्हणजे नक्की काहीतरी कालवलंय," अब्बा माझ्या कानात पुटपुटले आणि त्यांनी कप वाळूत ओतला. कप्तानाचा चेहरा उतरला.

पहिला घोट यजमानानं घ्यायचा ही इथली रीतच, हे मला फार नंतर कळलं.

आज गलबताशेजारच्या म्हाताऱ्या अरबानं तसाच स्वतःच्या कपातून घोट घेऊन मला दुसरा कप दिला. मी धरून उभाच.

"डॅडी, इट्स जस्ट कॉफी!" लेक वैतागली.

प्यायलो. पण दोन्ही कप एकाच किटलीतून भरलेत ना, हे आधी बघून घेतलं.