रद्दीवाल्याच्या काट्यावर ओवी

मंडळी, घाईघाईत लिहितेय.

ओवी, माझी लेक, नऊ वर्षांची. खाते चारच गोष्टी: तूप-भात, ब्रेड, बिस्किटं आणि बटाट्याच्या काचऱ्या. ताटात भाजी दिसली तरी उठून जाते. "लाडावून ठेवलीय" असं कृपया लिहू नका, ते सासूबाईंचं सांगून झालंय.

वजन वाढलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, "घटवायचं नाही, आहे तिथे थांबवायचं. उंची वाढली की जुळेल." मी मात्र घरी उठता-बसता एकच म्हणत राहिले, "काचऱ्या पुरे, वजन वाढेल."

आज दुपारी कसब्यात रद्दी द्यायला गेलो. काट्यावरून वर्तमानपत्रं उतरवली तशी ओवी टुणकन त्यावर चढली. आकडा बघून ओरडली, "आई, डॉक्टरांकडे होतं त्यापेक्षा तीन किलो कमी!"

रद्दीवाले काका हसले. मी तिला खाली उतरवलं. "अगं, डबा तर रोज रिकामा येतो ना तुझा?"

"तो मी मैत्रिणीला देते. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

घरी येऊन आधी काचऱ्या केल्या, तिला आवडतात तशा कुरकुरीत. तिने ताटली हळूच माझ्याकडे सरकवली.

"नको आई. वजन वाढेल."

उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जातेय. पण आज रात्री तिच्याशी काय बोलू? तुमच्यापैकी कुणाकडे असं झालंय का? मला तर आता तिच्यासमोर तोंड उघडायचीच भीती वाटतेय.