अर्जात आधी बायांची नावं

मन्मथअप्पा कळसे यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझी फाइल उघडलीच नाही. सकाळच्या एसटीनं अहमदपूरहून नांदेडला त्यांच्या घरी पोचले होते. तंत्रशाळेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अप्पा बारक्या कारखानदारांना नव्या मशिनरीसाठी सरकारी अनुदानाचे अर्ज भरून देतात, तेही फुकट, एवढंच आईनं सांगितलं होतं. आमची तुरीची छोटी डाळमिल आहे, आईच चालवते. मोठ्या मिलवाल्यांनी कॅमेऱ्याची मशीन बसवल्यापासून व्यापारी आमची डाळ बाजूला सारत होते. त्या मशिनीतला कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि डागी दाणा हवेच्या फुंकरीनं उडवून टाकतो. तशी मशीन आली नाही तर मिलला कुलूप, हे आम्हाला कळून चुकलं होतं.

अप्पांनी चहा पुढं केला आणि विचारलं, "तुमच्याकडं डाळ निवडायला बाया किती?"

"असतील सहा-सात."

"असतील म्हंजे? नावं काय त्यांची?"

मला दोनच सांगता आली. अप्पांनी फाइल माझ्या हातात परत दिली. "जा माय, नावं घेऊन ये. ज्याच्या हातचं काम मशीन घेणार, त्याला आधी विचारायचं. अर्ज मग."

पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात अप्पांबद्दल थोरामोठ्यांनी लिहिलंय. त्यांच्यात मी एवढंच कबूल करते, की परतीच्या गाडीत मला अप्पांचा भयंकर राग आला होता. अर्ज भरून घ्यायला गेलेल्या माणसाला कुणी हजेरी घ्यायला परत पाठवतं का?

चार दिवसांनी ते स्वतःच मिलवर आले. ऑफिसातल्या खुर्चीवर न बसता सूप घेऊन बायांच्या ओळीत बसले, दुपार कलेपर्यंत. आमच्याकडं वीस वर्षं डाळ निवडणाऱ्या चंद्रकलाबाई त्यांच्या शेजारीच होत्या. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग म्हणाल्या, "अप्पा, तुमच्या सुपात खडं तसंच राहून राहिलेत. तुम्ही आपला अर्जच भरा."

बाया हसल्या, अप्पाही हसले. मग चंद्रकलाबाईंनी हात थांबवला. "खरं सांगा, मशीन आली की आम्ही कुठं जायचं?"

अप्पांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मशीन कुणी चालवायची ते अजून कुठं ठरलंय?"

अर्जात मशीन चालवणाऱ्याचं नाव त्यांनी लिहिलं चंद्रकलाबाईंचं. शिक्षण, चौथी. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस गालात हसला. आईचाही धीर सुटला. "अप्पा, लेकीचं नाव टाका की. बी.ए. हाय."

"हिला तुरीची डाळ आन हरभऱ्याची डाळ वेगळी करता येती का, विचारा आधी."



अनुदान मंजूर झालं. निम्मं आधी, निम्मं मशीन चालू बघून. मशीन आली. कंपनीच्या इंजिनिअरनं चंद्रकलाबाईंना आठवडाभर शिकवलं आणि तो गेला. तपासणीला साहेब यायच्या आदल्या दिवशी आईनं मशिनीची पूजा केली. त्यानंतरच्या पहिल्याच घाण्याला मशीन चांगली डाळ बाहेर फेकायला लागली. फोनवर इंजिनिअर म्हणाला, "आतला बोर्ड गेला असेल. हात लावू नका, चार दिवसांनी येतो." चार दिवसांनी येऊन काय उपयोग होता? आई पोत्यावर बसून राहिली.

अप्पांना कळवलं तर ते दुपारी हजर. मशिनीकडं गेलेच नाहीत. चंद्रकलाबाईंकडं गेले.

"काय दिसून राहिलंय?"

"फुंकर मारायच्या कडंच्या नळ्या बराबर हायेत अप्पा. मधल्याच चांगला दाणा फेकायल्यात. बोर्ड गेला असता तर समद्याच बिघडल्या असत्या, न्हाई का?"

अप्पांनी मशीन बंद करायला लावली आणि मधलं दार उघडलं. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर, बरोबर मधोमध, भस्माच्या तीन ठळक रेघा. आईनं पूजेच्या वेळी दार उघडून, मशिनीचं कपाळ समजून ओढलेल्या.

आईचा चेहरा उतरला. "देवाचं लावलेलं पुसायचं कसं, अप्पा?"

अप्पांच्या स्वतःच्या कपाळावर भस्म होतं. ते शांतपणे म्हणाले, "अक्का, आपण कपाळाला लावतो, डोळ्यात घालतो का? हा तिचा डोळा हाय. कपाळ वर हाय, पत्र्यावर. तिथं लावा." आणि मऊ फडकं त्यांनी चंद्रकलाबाईंच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कागद चाळता चाळता थांबले. "ऑपरेटर चौथी पास? उद्या मशीन बिघडली तर काय करणार ह्या?"

अप्पा म्हणाले, "कालच बिघडली होती साहेब."

आईनं माझा दंड घट्ट धरला. अप्पांनी भस्मासकट सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "कंपनीला फोनवर जे कळलं न्हाई ते ह्यांनी दाणे बघून सांगितलं. शिक्षणाच्या रकान्यात हे कुठं लिहायचं, मला कळंना. तुम्हाला जागा सापडली तर लिहा."

साहेबांनी मूठभर डाळ उचलली, चंद्रकलाबाईंपुढं धरली. बाईंनी डाळीकडं नजर टाकली, मशिनीच्या पडद्यावर दोनदा बोट टेकवलं आणि मशीन सुरू केली. खाली डाळ पडत होती, पिवळी, एकसारखी. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग पेन काढून उरलेल्या अनुदानाच्या कागदावर सही केली.

ज्या गोष्टीनं आमचं अनुदान बुडालं असतं, तीच अप्पांनी उघड्यावर आणून ठेवली आणि तिच्यावर एका बाईचं काम उभं केलं. आजही आमच्या सहाही बाया मिलमध्ये आहेत. चंद्रकलाबाई मशिनीवर आहेत आणि अप्पांच्या सांगण्यावरून उमरीच्या एका मिलमध्ये दोघींना शिकवायला जातात. नायगावहून आलेली फाइल सध्या अप्पांच्या टेबलावर आहे. तीही त्यांनी नावांसाठी एकदा परत पाठवली होती म्हणे.

अप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त काय लिहू, असं मी चंद्रकलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शंभर वर्षं जगा असं नको लिहू, ते समदेच लिहितेत. लिही, टायमावर जेवत जावा. गुडघ्याला तेल लावत जावा. आन उमरीला येताना यष्टीत पुढं बसा, मागं लई हादरे बसतेत. अजून लई मिला बाकी हायेत."

अप्पा, आम्हा सगळ्यांचं मागणं तेवढंच आहे.