सगळ्या घेराला बायस

साळवेबाई बोलता बोलता समोरच्या बाईचा पदर चिमटीत धरायच्या. ओळख असो, नसो. कापड बोटांत एकदा चुरगळायच्या, सोडायच्या आणि सुरकुती राहते की जाते ते बघायच्या. मग निकाल द्यायच्या. "सुती म्हणून घेतलंत ना? पॉलिस्टर आहे यात." देवळाली प्रवरात एकदा चर्च सुटल्यावर त्यांनी एका नव्या नवरीला सांगितलं, "हे सिल्क नव्हे, आर्ट सिल्क, म्हणजे नकली. इस्त्री जपून फिरवा." नवरीची सासू शेजारीच उभी होती. त्या घराने बाईंशी बोलणं टाकलं. आपलं यात काय चुकलं, हे बाईंना कधीच कळलं नाही.

बारावी झाल्यावर मी त्यांच्या शिवणक्लासला जाऊ लागले. नवरा गेल्यावर बाईंनी घराच्या मागच्या खोलीत हा क्लास काढला होता. मशिनी जुन्या, खोलीवर पत्रे, आणि उन्हाळ्यात आत भट्टी. पहिले कितीतरी दिवस त्यांनी आम्हाला मशीनला हात लावू दिला नाही. आधी नावं. चिंध्यांचं गाठोडं सोडून एकेक तुकडा समोर टाकायच्या. जॉर्जेट की शिफॉन? वॉयल की मलमल? कुणी 'सॅटिनचं कापड' म्हणालं की थांबवायच्या. "सॅटिन ही वीण आहे. सूत कसलं ते सांग." एकदा एक मुलगी वैतागून म्हणाली, "बाई, ब्लाउज शिवायला आलो आमी. एवढी नावं लई झाली." बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्याचं नाव येत नाही ती वस्तू तुमची नाही, दुकानदाराची आहे. तो सिल्क म्हणाला की विचारायचं, कसलं सिल्क? त्या 'कसलं'ला तो घाबरतो."

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही शब्द पाठ करून घ्यायच्या. मुंढा म्हणजे आर्महोल, अस्तर म्हणजे लायनिंग, उरेब म्हणजे बायस, तिरपं कापलेलं कापड. कटोरी ब्लाउज शिकवताना आम्ही तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागलो, तेव्हा म्हणाल्या, "लाजून माप घेतलं की ब्लाउज बगलेत फाटतो. मग हसा." शिवण जरा वाकडी गेली तर एकच शब्द यायचा, "उसवा." कौतुक कुणाचंही नाही. पण शिवणीच्या आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला लावायच्या. "बाईचं अंग एका मापाचं राहत नाही. पुढे तिला सैल करता आलं पाहिजे," म्हणायच्या. त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यांत मऊ वाक्य हेच असेल.

सोनाली माझ्याच बॅचची. तिचा हात चांगला होता आणि बोलणं त्याहून चांगलं. लग्नानंतर आम्ही दोघीही नगरला आलो. तिने सावेडीत बुटीक काढलं, आरसे लावले, काचेच्या दारावर 'डिझायनर' लिहून घेतलं. मी तिच्याकडे शिवायला लागले. तिकडे बाईंचा क्लास हळूहळू रिकामा झाला. मुली मोबाईलवर बघून शिकू लागल्या, बायका तयार ब्लाउज घेऊ लागल्या. मुलगा पुण्याला होता, सणाला फोन करायचा. सोनाली स्वतः देवळालीला जाऊन म्हणाली, "बाई, माझ्याकडे कटिंग मास्टर म्हणून या." बाई रोज एसटीने नगरला येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळून आणली होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी गिऱ्हाईक बाईसमोर 'मुंढा' म्हटलं. ती बाई गेल्यावर सोनाली म्हणाली, "इथे आर्महोल म्हणायचं, बाई. मुंढा म्हटलं की गावाकडचं वाटतं."

"दोन्ही मीच शिकवलेत तुला," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतेय. तुम्हाला येतंय तर म्हणा ना."

बाई म्हणू लागल्या. त्यांचे उच्चार त्यांच्या पिढीचे होते. 'नेकलाइन'चं 'नेकलाईण' व्हायचं आणि गिऱ्हाइकं एकमेकींकडे बघून हसायची. सोनाली सगळ्यांसमोर उच्चार सुधारायची. ओळख करून देताना म्हणायची, "या आमच्या मावशी, मदतीला असतात." पदर चिमटीत धरायची सवय तिने आधीच बंद करायला लावली होती. बाईंचे प्रश्न हळूहळू कमी झाले. सांगितलं तेवढं कापायच्या आणि संध्याकाळची गाडी धरायच्या.

मग कदम मॅडम आल्या. मुलीचं लग्न होतं आणि त्यांना आपल्या आईच्या शालूचा मुलीसाठी घागरा करून हवा होता. आई नुकतीच वारली होती. शालू जांभळा, अस्सल रेशमी, जरीचं काम अजून लखलखीत. बाईंनी तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवला. सोनाली फोनवर बोलत होती. हाताने फोन झाकून म्हणाली, "बाई, याला बायस घ्यायचाय."

"कशाला? सगळ्या घेराला?"

"हो, सगळ्या घेराला."

"कापड तिरपं कापू?"

"बायस तिरपाच कापतात ना? एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

सोनालीच्या मनात होती ती घेराच्या खालच्या कडेला लावायची तिरपी पट्टी. बाईंनी अर्थ घेतला की अख्खा घागराच उरेब कापायचा. क्लासातल्या साळवेबाई असत्या तर कात्री खाली ठेवून म्हणाल्या असत्या, आधी नीट बोल. या साळवेबाईंनी मान हलवली आणि कापलं. मी टाके घालून उठले तेव्हा शालूचे काठ तुकड्यातुकड्यांत तुटलेले होते. जरीची नक्षी तिरपी पडली होती. ते पुन्हा जोडण्यासारखं राहिलं नव्हतं.

कदम मॅडमनी ते तुकडे हातात घेतले. ओरडल्या नाहीत. "माझ्या आईची लग्नातली साडी होती ही," एवढंच म्हणाल्या.

सोनालीने त्यांना पाणी दिलं. "मॅडम, मी फक्त पट्टी सांगितली होती. यांचं वय झालंय. इंग्रजी शब्द कळत नाहीत, मी तरी काय करू?"

मी म्हटलं, "सोनाली, बाईंनी दोनदा विचारलं होतं. मी ऐकलंय."

"तू मधे पडू नकोस," ती म्हणाली.

बाई कदम मॅडमकडेच बघत होत्या. "मी विचारलं होतं, हे खरं आहे. पण कात्री माझ्या हातात होती," म्हणाल्या. कात्री फडक्यात गुंडाळून त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत आणि सोनालीने बोलावलं नाही.

पुढे मी देवळालीला त्यांना भेटायला गेले. मशिनींवर चादरी टाकलेल्या होत्या. चहा दिला, माझ्या ड्रेसकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सोनालीला बोल लावू लागले तर त्यांनी थांबवलं. "तिची चूक मला कळते. तिचा राग नाही. तिसऱ्यांदा विचारायला मी घाबरले, त्याचा आहे. तिला शिकवलं ते सगळं तिथे नोकरी करताना मीच उसवलं." त्या रडल्या नाहीत. कप विसळायला उठल्या.

त्या थंडीत त्या गेल्या. दफनाला क्लासच्या पुष्कळ जुन्या मुली आल्या होत्या. सोनाली मोठा पुष्पहार घेऊन आली आणि खरंच रडली, हेही सांगायला हवं. पुढे तिने बुटीकमध्ये शिवणाचे वर्ग काढले आणि भिंतीवर बाईंचा मोठा फोटो लावला, खाली 'आमच्या गुरू'. नव्या मुलींना ती बाईंचीच वाक्यं ऐकवते, कसलं सिल्क ते विचारायला शिकवते. चांगलं शिकवते.

परवा कदम मॅडम आल्या होत्या, धाकट्या मुलीचा ब्लाउज टाकायला. सोनालीने तेव्हा त्यांना नवा घागरा शिवून दिला होता, त्यामुळे येणं सुटलं नव्हतं. फोटोसमोर त्या थांबल्या. "आईची साडी कापली त्या याच ना?"

"छे, त्या वेगळ्या," सोनाली हसून म्हणाली. "या माझ्या गुरू."

मी हातातलं काम ठेवलं. "याच त्या, मॅडम. आणि त्यांना इंग्रजी येत होतं. आम्हा दोघींना त्यांनीच शिकवलं."

कदम मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. मग पर्स उघडत सोनालीला म्हणाल्या, "ट्रायलला कधी येऊ?"