सुलीचं पाऊल

कोकणात नव्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात ना, तेव्हा माझं सगळं लक्ष नारळाच्या खोबऱ्याकडे असायचं. असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता... आजही नाही म्हणा. पण हे एक डोक्यातून जात नाही.

ऐंशीच्या दशकात राजापूरजवळच्या एका रस्त्यावर मी मुकादम होतो. जुनं डांबर उकरायचं, फोडायचं, जाळावरच्या पत्र्यात तापवून पुन्हा अंथरायचं, असा प्रयोग चालू होता. वळणावरच्या एका ढलप्यात लहान पोराचं पाऊल उमटलेलं निघालं — पाचही बोटं स्पष्ट!

कामावरची पार्वती धावत आली. "मुकादमानू, येवडा तुकडा आगीत घालू नका. माज्या सुलीचा पाय हाय. ह्यो रस्ता केला तवा मी हितंच कामाला व्हते. पोर निवत आलेल्या डांबरात शिरली."

ती सुली आता तालुक्याच्या दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण, कालपासून अडलेली, त्यात अंगात ताप. आत कुणाला सोडत नव्हते, बाहेर बसून जीव खालीवर होई, म्हणून पार्वती कामावर आली होती.

मी म्हटलं, "बाये, डांबर सरकारचं. उद्या कोंबडीचं पाऊल निघेल, तेही ठेवू?" आणि ढलपा पत्र्यात टाकला.

बाकीचं डांबर पाघळलं. तो तसाच! दुपार झाली, लाकडं वाढवली, फावड्याने दाबला... तासभर झाला तरी कडासुद्धा मऊ पडेना. पार्वती नुसती बघत होती. शेवटी मीच घाबरलो. बाहेर ओढला, पाणी मारलं — वाफ नाही. हात लावला तर थंडगार. मुकाट्याने तिच्या पदरात दिला.

तीनच्या एसटीतून जावई उतरला. मी हातातलं फावडं खाली ठेवलं.

"आये, मुलगी झाली! दोगीपन बऱ्या हायत."

डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणे, आणि दुपारी ताप एकाएकी उतरला. पार्वती मटकन खाली बसून रडली. खरं सांगतो, मीही रडलो. इतकं हलकं मला स्वतःच्या मुलाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात पार्वतीकडे गेलो. ढलपा अंगणात तुळशीपाशी, उन्हात. सहज अंगठा दाबला... रुतला की! साधं डांबर, नुसत्या उन्हाने मऊ पडणारं. मग त्या दिवशी जाळावर काय झालं होतं? मला अजून सांगता येत नाही. माझा अंगठा मात्र अजून तिथे आहे, सुलीच्या करंगळीशेजारी.